तुम्ही विचारलंत म्हणून: शिकवतेस की केसेस लढवतेस?

इथे न्यू जर्सीतल्या एडिसन गावात गणपतीत आरती संपून प्रसादाच्या लाइनीत उभं राहिलं की हा प्रश्न येतोच, विचारणारं माणूस दर वर्षी वेगळं, प्रश्न तोच. "तू नक्की करतेस काय गं? शिकवतेस की केसेस लढवतेस?" मी "लॉ स्कूलच्या क्लिनिकमध्ये टीचिंग फेलो आहे" म्हटलं की निम्मी माणसं क्लिनिक या शब्दालाच अडकतात, एका काकूंनी तर लगेच गुडघ्याचं विचारलं होतं. आणि माझ्या जुन्या कॉलेजच्या पोरापोरींकडून व्हॉट्सअ‍ॅपवर याचाच दुसरा अवतार येतो, "ताई, हा जॉब कसा असतो, अप्लाय करू का?" दर वेळी अर्धवट काहीतरी सांगून पळ काढते, म्हणून आता एकदाच बैठक मारून लिहिते.

खरं तर आपल्या लोकांना हा प्रश्न पडणं बरोबरच आहे, कारण आपल्याकडे भारतात दोन्ही धड एकदम करता येत नाही. पूर्णवेळ पगारी लेक्चरर झालात की वकिलीची सनद सस्पेंड करावी लागते, आणि प्रॅक्टिस चालू ठेवून शिकवायचं असेल तर बार कौन्सिलच्या १९७९ च्या नियमांप्रमाणे दिवसाला फार तर तीन तास. विद्यार्थ्याने कोर्टात उभं राहणं तर सोडाच. आमच्या वेळी कॉलेजात लीगल एड सेल होता, म्हणजे वर्षातून एकदा गावात जायचं, बॅनर धरून फोटो काढायचा, सरपंचांकडे जेवायचं आणि परत. इथे लॉ स्कूलच्या आतच एक छोटं खरंखुरं वकिलाचं ऑफिस असतं, फी नाही, क्लायंट खरे, फाइली खऱ्या, आणि काम विद्यार्थी करतात. न्यू जर्सीत सुप्रीम कोर्टाच्या नियमाने तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला क्लिनिकमार्फत कोर्टात किंवा सरकारी खात्यापुढे उभं राहता येतं, फक्त मागे लायसन्स असलेला वकील पाहिजे. ती मागे उभी असणारी मी. म्हणजे काम मुलांचं, सही माझी किंवा आमच्या डायरेक्टर बाईंची, आणि चूक झाली तर तीही आमचीच. (त्या लायसन्ससाठी मुंबईत चार वर्षं प्रॅक्टिस केलेली असून इथे येऊन परत पहिल्यापासून तीन वर्षांची जे.डी. ही कायद्याची पदवी केली, बाबा म्हणाले झालेलंच परत शिकतेस आणि वर पैसे भरून.)

आता पर्यावरण न्याय म्हणजे काय, तर थोडक्यात, कचरा कुणाच्या दारात टाकायचा हे कोण ठरवतं. इथे लोक गोष्ट सुरू करतात ती नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरन काउंटीपासून, १९८२ मध्ये पीसीबी नावाच्या विषारी रसायनाने भिजलेली माती पुरायला सरकारने नेमका गरीब आणि बहुसंख्य काळ्या लोकांचा भाग निवडला, लोक ट्रकपुढे रस्त्यावर आडवे झाले, पाचशेच्या वर अटका झाल्या. लँडफिल झालाच तरीही. पण मला इतक्या लांब जायची गरज नाही, एडिसनहून ट्रेनने न्यूअर्कला उतरलं की स्टेशनच्या मागेच आयर्नबाउंड आहे. आपली मंडळी तिथे पोर्तुगीज बेकऱ्यांमध्ये कस्टर्डचे टार्ट खायला जातात, तिथून चार पावलं पुढे गेलं तर लिस्टर अव्हेन्यूवर ती जागा आहे जिथे व्हिएतनाम युद्धात झाडंझुडपं मारायला फवारलेल्या एजंट ऑरेंजची रसायनं बनायची, आणि त्यातलं डायऑक्सिन नावाचं विष पसाइक नदीच्या गाळात अजून बसलंय. शिवाय काउंटीचा कचरा जाळायचा कारखाना, बंदर, बंदरावरून येणारे ट्रक, डोक्यावर विमानं.

मी चेंबूरची. 'गॅस चेंबर' हा आमच्याकडे विनोद नव्हता, पत्ता होता. रात्री वास आला की आई खिडक्या लावून घ्यायची आणि सकाळी उघडायची, यापलीकडे काही करता येतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. पुढे तानसाच्या पाण्याच्या पाइपलाइनवरची घरं पाडून माणसांना माहुलला रिफायनऱ्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं, आणि २०१९ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की या लोकांना दुसरीकडे घर घेता यावं म्हणून महिना १५,००० रुपये भाडं द्या. त्यामुळे इथे कुठल्या वस्तीत किती प्रदूषण याचे नकाशे पहिल्यांदा बघितले तेव्हा मला काही नवीन वाटलं नाही, फक्त रंग भरायची पद्धत नवीन होती.

न्यू जर्सीत आमच्या हाताला एक बरं हत्यार आहे. सप्टेंबर २०२० मध्ये इथे पर्यावरण न्यायाचा कायदा झाला, नियम यायला एप्रिल २०२३ उजाडलं. ज्या वस्तीत किमान ३५ टक्के घरं कमी उत्पन्नाची, किंवा किमान ४० टक्के लोक अल्पसंख्याक वंशाचे, किंवा ४० टक्के घरांना इंग्रजी नीट येत नाही, तिथे कचऱ्याचं ट्रान्सफर स्टेशन (कचरा एका ट्रकमधून दुसऱ्यात भरायचा तळ), भंगाराचा मोठा यार्ड, कचरा जाळायचा इन्सिनरेटर असं काही नवीन आणायचं असेल आणि आधीच तिथे इतरांपेक्षा जास्त त्रास असेल तर राज्याच्या पर्यावरण खात्याने परमिट नाकारायचं, फार मोठं सार्वजनिक हित असेल तरच सूट. नुसते कागद दाखवून भागत नाही, कंपनीला त्या वस्तीत जाऊन सुनावणी घ्यावी लागते, आणि वस्तीवर काय परिणाम होईल याचा अहवाल सुनावणीच्या ६० दिवस आधी द्यावा लागतो. पण जुन्याच कारखान्याचं परमिट रिन्यू करायचं असेल तर खातं नाही म्हणू शकत नाही, फक्त अटी घालू शकतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

गेल्या वर्षीची गोष्ट. तपशील बदलून सांगतेय, वकिलाला तोंडाला कुलूप लागतं. एक साठीच्या बाई, त्यांना मावशी म्हणू, घरासमोर कचऱ्याचं ट्रान्सफर स्टेशन, परमिट रिन्यूअलला आलेलं. मी आणि दोन विद्यार्थी त्यांच्या स्वयंपाकघरात. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं, बँकेने फुकट दिलेलं, आणि प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेनाने खुणा, कुठे गोल, कुठे फुली, कुठे तीन-तीन फुल्या. मुलांचे डोळे चमकले, असा पुरावा आयता कोण देतं, मोबाइलवर पानापानाचे फोटो काढले. मग एका मुलाने अगदी शिकवल्यासारखा प्रश्न विचारला, "तुम्हाला यातून काय व्हायला हवंय?"

मावशी गप्प.

आता मी स्वतः वर्गात सांगते की क्लायंट गप्प झाला की तोंडात गुळणी धरून बसा, दहा आकडे मोजा, ती शांतता तुमची नाही त्यांची आहे. आणि मी साधारण सातपर्यंत मोजलं असेल, राहवलं नाही, म्हटलं, "म्हणजे रात्रपाळी बंद करायची अट घालायला सांगू, बरोबर?" त्या म्हणाल्या, हो हो. झालं. पुढचे तीन आठवडे मुलांनी रात्रपाळीवर मान मोडून काम केलं, वाऱ्याची दिशा, वासाच्या तक्रारी, कॅलेंडरवरच्या सगळ्या खुणा एक्सेलमध्ये 'वास' म्हणून भरल्या, खात्याला द्यायच्या लेखी म्हणण्याचा ड्राफ्ट चाळीस पानांचा झाला.

मग तोच मुलगा एक दिवस कॅलेंडरचं एक पान धूसर आलं म्हणून परत फोटो काढायला एकटा गेला आणि सहज विचारून बसला की गोल आणि फुली वेगळं का. तर गोल म्हणजे वास, आणि फुली म्हणजे पहाटे साडेचारला त्यांच्या बेडरूमच्या खिडकीखाली इंजिन चालू ठेवून उभा राहिलेला ट्रक. एका ट्रकला एक फुली. सगळ्या महिन्यात गोल मोजून पाच-सहा, बाकी फुल्याच फुल्या. आणि रात्रपाळीला त्यांचा भाचा कामाला. रात्रपाळी बंद झाली असती तर घरातला पगार बंद झाला असता, पण समोर तीन शिकलेली माणसं बसलीयत, त्यातली एक स्वतःच उत्तर देतेय, तर नाही कसं म्हणायचं.

तो ऑफिसात येऊन हे सांगत होता तेव्हा त्याला वाटत होतं चूक त्याची आहे. मला सांगावं लागलं की बाबा रे, तुझा प्रश्न बरोबर होता, उत्तर मी दिलं. फार लाज वाटली, अजून वाटते. चाळीस पानांतली तीस फुकट गेली. आणि गंमत अशी की न्यू जर्सीत तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी नुसती चालू ठेवायला आधीपासूनच बंदी आहे, म्हणजे मावशींचं म्हणणं आमच्या चाळीस पानांपेक्षा कायद्यात जास्त पक्कं बसत होतं. रिन्यूअलमध्ये अटीच घालता येतात, तर ट्रकची रांग आवाराच्या आत घ्या, ही अट.

तर शिकवतेस की लढवतेस याचं उत्तर हे आहे, की बहुतेक वेळ मी गप्प बसायचा पगार घेते. आठवड्याला प्रत्येक जोडीबरोबर तासभर मीटिंग, त्यात ते विचारतात "हे पिटिशन कुठे फाइल करायचं?" आणि मला उत्तर माहीत असतं आणि मी म्हणते "तुला काय वाटतं?" मुलांना या वाक्याची इतकी चीड आहे की सेमिस्टरच्या शेवटच्या पार्टीत त्यांनी माझी नक्कल केली, बर्गर हवा का विचारलं तर म्हणे तुला काय वाटतं. बाकी सेमिनार, मॉक सुनावण्या, केस राउंड्स (हे मात्र दवाखान्यावरूनच उचललंय, सगळ्यांनी गोल बसून एकाच्या केसचा काथ्याकूट करायचा), आणि ड्राफ्टवर ड्राफ्ट, एका पत्राचे सात-आठ.

पण क्लायंट म्हणजे काही प्रयोगशाळेतला बेडूक नाही. कॉमेंट, म्हणजे परमिटवरचं लेखी म्हणणं, जमा करायची वेळ उद्या पाचची आणि रात्री एक वाजता ड्राफ्टमध्ये कायद्याचं कलमच चुकलेलं दिसलं तर तुला काय वाटतं विचारत बसायचं नसतं, पेन घ्यायचं. कुठल्या क्षणी घ्यायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही, मीही अंदाजानेच करते, कधी लवकर घेते आणि पोरगं हिरमुसतं, कधी उशिरा आणि मग मीच तीन वाजेपर्यंत जागी.

माझी खरी तक्रार सेमिस्टरबद्दल आहे. चौदा आठवडे. प्रदूषणाच्या केसेस वर्षानुवर्षं चालतात आणि दर जानेवारीत, दर ऑगस्टमध्ये लोकांसमोर नवे चेहरे. एका गृहस्थांनी दार उघडून सरळ विचारलं होतं, "पुन्हा नवी पोरं?" त्यावर उपाय म्हणून जाणारी मुलं येणाऱ्यांसाठी ट्रान्सफर मेमो लिहितात, पण मेमोत माणूस मावत नाही. दर वेळी आपली कहाणी पहिल्यापासून सांगायची, ही त्यांनी भरलेली आमची फीच म्हणायची, हे लॉ स्कूलच्या ब्रोशरमध्ये कुठे लिहिलेलं नसतं.

"विद्यार्थीच तर आहेत, कोण घाबरतंय" असं वाटत असेल तर लुइझियानाचं ऐका. १९९७-९८ मध्ये टुलेन विद्यापीठाच्या क्लिनिकने सेंट जेम्स पॅरिशमधल्या (पॅरिश म्हणजे तिकडची काउंटी) लोकांतर्फे शिंटेक कंपनीच्या पीव्हीसी प्लांटला आव्हान दिलं. गव्हर्नर भडकले, उद्योगवाले भडकले, आणि जून १९९८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या वकिलीचा नियमच आवळला, संघटनेचे निम्म्याहून जास्त सदस्य गरीब असल्याचं दाखवा तरच केस घ्या. त्याच सप्टेंबरमध्ये कंपनीने ती जागा सोडली, पण नियम मागे राहिला. आणि आमच्याच राज्यात एका मॉलच्या बिल्डरने रटगर्स विद्यापीठाच्या क्लिनिकच्या फाइली इथल्या माहितीच्या अधिकाराखाली मागितल्या होत्या, विद्यापीठ सरकारी म्हणून, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं तेव्हा सुटका झाली.

केंद्राकडून तर आता फारशी आशाच नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली नुसता भेदभावाचा परिणाम दाखवून सामान्य माणसाला कोर्टात जाता येत नाही, मुद्दाम केलं हे दाखवावं लागतं, हे २००१ मध्येच ठरलं. क्लिंटन यांचा फेब्रुवारी १९९४ चा पर्यावरण न्यायाचा आदेश होता, तोही २१ जानेवारी २०२५ ला रद्द झाला. माझा सिलॅबस छापून तयार होता. एकीने विचारलं, हे पान काढायचं का. मी म्हटलं, राहू दे, वरती फक्त तारीख टाक.

अप्लाय करू का विचारणाऱ्यांसाठी एवढंच, की फेलोशिप बहुतेक ठिकाणी दोन वर्षांची असते, पगार फर्मच्या मानाने हसण्यासारखा, दुसऱ्या वर्षी स्वतःचा पेपर लिहायचा आणि नोकरीही शोधायची, आणि वकिली करून आलात तरच उपयोग, नाहीतर स्वतः शिकाल आणि पोरांना काय देणार. व्हिसाचं मला विचारू नका.

आणि काकू, तुम्ही यंदा विचारलंत की मग जिंकलात का. सुनावणीत मावशी स्वतः बोलल्या, तीन मिनिटं, दुभाषा घेऊन. मुलांनी लिहून दिलेला कागद त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि कॅलेंडर उंच धरून फुल्या मोजून दाखवल्या. निर्णय अजून यायचाय, कायद्याने सुनावणीनंतर ४५ दिवस तरी थांबावंच लागतं, जास्तच थांबतात. भाचा रात्रपाळीलाच आहे. नवीन मुलं आली, त्यांच्या ट्रान्सफर मेमोच्या पहिल्याच ओळीत त्या पोराने लिहून ठेवलंय, गोल म्हणजे वास, फुली म्हणजे ट्रक, आणि काही समजलं नाही तर प्रोफेसरना नाही, मावशींना विचारा.