तमाम लोकांस कळविण्यात येते की

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दोन-चार दिवस आमच्या ऑफिसात मुंबईकरांची ये-जा वाढते. परतीची गाडी पकडायच्या आत उरकायची कामं असतात. कुणाला वडिलांच्या वर्षश्राद्धाची जाहिरात द्यायची असते, कुणाला वाडीच्या आरतीचा फोटो का आला नाही याचा जाब विचारायचा असतो. ते काका जिना चढून आले तेव्हा मला वाटलं, हेही फोटोवालेच.

"ऑफिस हलवलंत होय?" हे त्यांचं पहिलं वाक्य. सकाळपासून ते आमच्या जुन्या जागेभोवती घिरट्या घालत होते. तिथे आता मोबाइल कव्हरांचं दुकान आहे. आमच्या वेबसाइटवर 'संपर्क'मध्ये तोच जुना पत्ता आणि मेलेला लँडलाइन नंबर होता, आणि दीड वर्ष होता. वेबसाइट मी बघतो. मी त्यांना पाणी दिलं आणि पत्त्याविषयी काही बोललो नाही.

आमचं दैनिक रत्नागिरी जिल्ह्यातलं, आठ पानी. नाव सांगत नाही. वेबसाइट बघतो म्हणजे काय, तर रात्री साडेबारा-एकला पानं प्रेसला गेली की त्याच पानांची चित्रं लहान करून मी ई-पेपरवर चढवतो, आणि सगळ्यांची मिळून एक पीडीएफही. बातम्या वेगळ्या टाइप करून टाकायला माणूस नाही. त्यामुळे बाहेरून ती वेबसाइट दिसते, आत मात्र आठ चित्रं असतात. त्यातली एक ओळ गूगलवर टाकून बघा, सापडायची नाही.

काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. नालासोपाऱ्याला राहतात, पोस्टातून निवृत्त. या गणपतीत गावी आले तर वरच्या भाटल्यातला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पाडलेला, आत जेसीबी उभा आणि लाल माती उघडी पडलेली. जमीन सामायिक. चुलत्यांच्या बाजूने परस्पर विकलेली. घेणाऱ्याच्या वकिलाने पत्रात लिहिलं होतं की गेल्या वर्षी जुलै महिन्यात आमच्या दैनिकात रीतसर जाहीर नोटीस प्रसिद्ध केली, मुदतीत कोणाचीही हरकत आली नाही.

"तारीख कुठची?" मी विचारलं.

"तेच तर बघायला आलोय."

पेपर बातम्यांवर चालतो असं लोकांना वाटतं. आमच्यासारखा पेपर निधनाच्या आणि वाढदिवसाच्या जाहिरातींवर चालतो, आणि जाहीर नोटिशींवर. जमीन घेणारा वकिलाकडे जातो, वकील एजंटाकडे मजकूर पाठवतो. सुरुवात ठरलेली: 'तमाम लोकांस कळविण्यात येते की'. पुढे मौजे अमुक, स.नं. म्हणजे सर्व्हे नंबर, हि.नं. म्हणजे हिस्सा नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा. मग गहाण, दान, बक्षीस, पोटगी, वहिवाट, बोजा अशी माळ, आणि 15 दिवसांत कागदपत्रांसह हरकत न आल्यास तसा हक्क कोणाचा नाही, असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजून व्यवहार पुरा करण्यात येईल.

दर कॉलम सेंटीमीटरवर असतो, म्हणून एजंट एकच गोष्ट सांगतो, "तात्या, बारा होतंय, आठात बसव." तात्या आमचे डीटीपी ऑपरेटर. ते बसवतात. 7 पॉइंट, अक्षराची विड्थ 80 टक्के, दोन ओळींत इतकी कमी जागा की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत पाय अडकवून बसतो. तरी छापल्यावर चष्मा लावून वाचता येतं, आणि याचा तात्यांना अभिमान आहे. तो मला मान्य आहे. हल्लीची पोरं असल्या मजकुराला हात लावत नाहीत.

आधी फायली बघितल्या. जुलै ते सप्टेंबरचा गठ्ठा नेमका भिंतीकडच्या मांडणीत होता. यंदाच्या पावसात ओल येऊन त्याची वीट झाली होती. पान उलटायला गेलं की चार दिवस एकदम उलटत. फायलींची खोली कोरडी ठेवा म्हणून तीन वर्षं सांगतोय. दर 6 जानेवारीला पत्रकार दिनी आमचे मालक पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांवर अर्धा तास बोलतात. 1832चा 'दर्पण', एका पानावर मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ, कोकणच्या मातीचा वारसा वगैरे. मी दरवेळी टाळ्या वाजवतो आणि मनात म्हणतो, 1832चं राहू द्या, आपला गेल्या जुलैचा अंक दाखवा.

ई-पेपरवर तर ते पान नव्हतंच. होस्टिंगची जागा भरते म्हणून 90 दिवसांपलीकडची पानं आपोआप पुसली जातात. ती सोय माझीच.

उरलं तात्यांचं मशीन. त्याला इंटरनेट नाही, त्यावर पानं जुळवायचं, 2001 साली आलेलं पेजमेकर 7 आणि श्री-लिपीचे मराठी फॉन्ट. जाहिरातींच्या मूळ फायली मात्र तात्या पुसत नाहीत, तारखेवार फोल्डर करून ठेवतात. हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

आता इथली गंमत बाहेरच्यांना कळणार नाही. या जुन्या फॉन्टात पडद्यावर 'हिस्सा' दिसतो, पण मशीनच्या लेखी तो 'हिस्सा' नसतो. आत रोमन अक्षरं, कंस, टिंबं यांची खिचडी असते आणि वर मराठीचा मुखवटा. पेजमेकरात शब्द शोधायचा तर आधी कंट्रोल-ई मारून स्टोरी एडिटरमध्ये जावं लागतं, आणि तिथे मुखवटा गळून पडतो, नुसती खिचडी उरते. तात्यांनी गावाचं नाव मारलं. शोधायच्या चौकटीत कंस, उद्गारचिन्ह आणि टोपीवाला ए उमटला.

"हेच गाव," तात्या म्हणाले.

मी बघत राहिलो. ते ती खिचडी वाचतात. पंचवीस वर्षं या मशीनसमोर बसून त्यांना तीही एक लिपी झाली आहे. दहा-दहा फायली उघडायच्या, शोधायचं, बंद करायचं. बाराव्या फाईलला मशीन लटकतं, म्हणून दहाच. काकांचे दोन चहा झाले. पावणेदोन तासांनी तात्यांनी मान हलवली. जुलैचा तिसरा आठवडा, पान 6, उजवीकडे तळाला.

तात्यांनी पडद्यावर ती चौकट 400 टक्के केली. काका उभ्यानेच वाचायला लागले, ओठ हलवत. स.नं., हि.नं. बरोबर. 'सदर मिळकत लिहून देणार यांचे एकट्याचे मालकी वहिवाटीची.' पुढे चतुःसीमा: पूर्वेस पऱ्या, दक्षिणेस गडगा. गडग्याशी ते थांबले. "हा आजोबांनी घातलेला," एवढंच म्हणाले. तात्या माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे. ते चिरे त्यांनी 80 टक्के विड्थमध्ये बसवले होते.

मी म्हटलं, काका, मुंबईला आपला पेपर जात नाही, तुम्हाला कळणार तरी कसं? समजूत काढायला म्हणालो खरं.

"असं कसं? मी रोज वाचतो."

त्यांच्या वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गावातला एक मुलगा रोज सकाळी सातला आमची पीडीएफ त्यात टाकतो. काका आधी निधनवार्ता बघतात, मग तालुक्याचं पान. आणि ते पोस्टातले, काही पुसत नाहीत. ग्रुपच्या फायलींत अंगठ्याने मागे-मागे जात त्यांनी गेल्या वर्षीचा जुलै काढला. आमच्या सर्व्हरवर नसलेला अंक नालासोपाऱ्याच्या फोनमध्ये होता. त्यांनी पान 6 उघडलं, उजवा कोपरा दोन बोटांनी ताणला. अजून ताणला.

चौकट होती. आत राखाडी मुंग्यांच्या रांगा होत्या. मथळ्यातलं 'जाहीर नोटीस' तेवढं लागत होतं.

"यातच होतं होय?" चष्मा कपाळावर चढवून काकांनी मला विचारलं.

हिशोब सांगतो, कारण तेव्हापासून तो माझ्या डोक्यात बसलाय. आमचं पान साधारण 33 सेंटीमीटर रुंद. प्रेसला जाणारी पीडीएफ जड असते, पानाला सहा-सात एमबी. दोन वर्षांपूर्वी तक्रारी आल्या की गावात पान उघडत नाही, चाक फिरत राहतं. मी पानाची रुंदी 1000 पिक्सेलवर आणली. पान साडेतीनशे केबीचं झालं, भरकन उघडायला लागलं, मालकांनी मीटिंगमध्ये कौतुक केलं. पण 33 सेंटीमीटरमध्ये 1000 पिक्सेल म्हणजे एका पॉइंटला जेमतेम एक पिक्सेल. तात्यांच्या 7 पॉइंटच्या अक्षराला उंचीत सात-आठ ठिपके. त्यातच शिरोरेघ, वरची मात्रा, रफार, खालचा उकार. मराठी अक्षर एवढ्यात मावत नाही. बातम्यांचे मथळे सुरेख दिसत होते. मी मथळे बघून ठरवलं होतं. नोटिशीचा कोपरा मी एकदाही ताणून पाहिला नव्हता.

तात्यांनी त्या चौकटीचं प्रिंट काढून दिलं. त्या दिवसाचा मूळ अंक प्रेसच्या रद्दीत मिळाला, तोही दिला. आमच्या हिशेबनीसाने जुन्या अंकाचे 20 रुपये मागितले. काकांनी दिले आणि पावती मागून घेतली.

ओळखीच्या एका वकिलांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, हिस्सेदाराने विकला तर स्वतःचा हिस्सा विकला, दुसऱ्याचा त्याने जात नाही, आणि पेपरातल्या नोटिशीने काही मालकी ठरत नाही. "पण दावा लावावा लागेल," ते म्हणाले आणि हसले. सत्तरीच्या माणसाने दिवाणी दावा लावायचा म्हणजे काय ते त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं. काकांचीही चूक आहेच. वडील जाऊन दहा-बारा वर्षं झाली तरी वारस नोंद केलेली नाही, सातबाऱ्यावर अजून वडीलच. तलाठ्याची फेरफाराची नोटीस आली असेल तर ती त्या नावाने बंद घरावर आली असेल. सरकारच्या 'आपली चावडी' या वेबसाइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की फेरफाराच्या नोटिसा घरबसल्या बघता येतात, हे मी त्यांना तिथेच फोनवर दाखवलं. दाखवताना लाज वाटली. तलाठी कार्यालयाला आम्ही अग्रलेखात वर्षाला चार वेळा झोडपतो.

त्यानंतर दोन महिने रात्री पानं चढवून झाली की मी एकच काम केलं. नोटिशींचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता-शोधता येईल अशा मराठीत, काढायचा आणि गाववार वेगळं पान करायचं, तारीख वर ठळक. रूपांतर सांगायला सोपं आहे. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार जुन्यात अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. अदलाबदल चुकली की 'हिस्सा'चा 'हस्सिा' होतो आणि 'आर्थिक'चं 'आथिर्क'. मोठमोठ्या पेपरांच्या जुन्या पानांवर हे 'आथिर्क' आणि 'सवोर्च्च' अजून नांदतंय, कुणाला काही वाटत नाही. नोटिशीत असं चालत नाही, कारण माणूस स्वतःचं आडनाव शोधतो. 'कुऱ्हाडे', 'गोऱ्हे' यांतल्या ऱ्ह ने मला आठ दिवस छळलं. शेवटी तात्या शेजारी बसले आणि एकेक खिचडी वाचून दाखवली.

हा रोग आमचा एकट्याचा नाही. मी बाजूला लॉजवाल्यांची, आंबेवाल्यांची छोटी कामं करतो. सगळ्यांना सरकते फोटो हवे असतात आणि फोन नंबर त्या फोटोतच डिझाइन करून हवा असतो. दाबला तरी फोन लागत नाही, शोधला तरी सापडत नाही. एका बागायतदाराच्या पानावर मार्च महिन्यात गेल्या वर्षीचा पेटीचा भाव होता. गिऱ्हाईक तोच भाव धरून भांडायला आलं, तेव्हा कुठे त्याने मला फोन केला.

नोटिशींचं पान तयार झाल्यावर मालकांना दाखवलं. त्यांना आवडलं, पण त्यांनी विचारलं, "मग अंक कोण घेणार?" हा प्रश्न मी धरून होतो. जाहिरातवाल्याचं बोलणं मात्र धरलेलं नव्हतं. त्याने पान वर-खाली केलं, गावाच्या यादीत स्वतःचं गाव दाबून बघितलं आणि म्हणाला, "चांगलं केलंस. पण एक लक्षात घे, सगळे वकील काही लोकांना कळावं म्हणून आपल्याकडे येत नाहीत. मोठ्या पेपरात टाकली तर मुंबईत कोणीतरी वाचतं. आपल्यात टाकली की छापल्याचा पुरावा होतो आणि बोभाटा होत नाही. आठ सेंटीमीटरचे पैसे तेवढ्यासाठीच देतात काहीजण." रागाने नाही, समजावणीच्या सुरात. सगळे तसे नसतात हेही तो म्हणाला, आणि ते खरंही असेल. पण तेव्हापासून प्रत्येक नोटीस चढवताना मी अंदाज बांधत बसतो, ही कुठल्या जातीची.

मालकांनी पान चालू ठेवायला परवानगी दिली, 'सध्या' म्हणून. काकांना मी त्याची लिंक पाठवली. त्यांनी नमस्काराचे दोन हात पाठवले, पुढे काही लिहिलं नाही. दावा लावला की नाही, मी विचारलेलं नाही.

गेल्या सोमवारी दुपारी एका एजंटाचा फोन आला. जाहिरात विभागात कुणी नव्हतं म्हणून मी घेतला. नोटीस होती, दोन कॉलम बाय आठ. मजकूर पाठवतो म्हणाला, दर विचारला, सवलत विचारली. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "ते वेबसाइटवर वेगळं टाकता म्हणे हल्ली. आमच्या पार्टीला तेवढं नकोय. नुसतं पेपरात येऊ दे. दर तोच लावा, चालेल."

मी त्याला थांबायला सांगितलं. रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि तात्यांकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. ते मान खाली घालून कुणाच्या तरी दशक्रियेची जाहिरात जुळवत होते.