तुम्ही विचारलंत म्हणून: ‘निचिजो’ बघावं का?

“‘निचिजो’ खरंच इतकं भारी आहे, की लोकांनी उगाच डोक्यावर घेतलंय?” मी अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, बघतो हे कळलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणारे बहुतेक जण डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदीत बघत मोठे झालेले, आता स्वतःहून जपानी मालिका शोधायला लागलेले. त्यांनी ‘निचिजो’ पाहिलेलं असतं ते मोबाइलवर, अर्ध्याएक मिनिटाच्या तुकड्यांत.

माझं उत्तर आहे, बघाच. आणि सलग भाग बघा, कारण तुकड्यांत निम्मी मजा गळून जाते.

सगळ्यात गाजलेला तुकडा हरणाचा. युको ही शाळकरी मुलगी खिडकीबाहेर बघते, तर शाळेचे मुख्याध्यापक एका हरणाशी झुंजतायत. झटापट वाढत जाते आणि शेवटी मुख्याध्यापक हरणाला कवेत धरून उचलतात आणि पैलवानासारखं मागच्या मागे आपटतात. युकोची वाचाच बसते. हसू फुटतं ते हरणामुळे, हे खरं. पण ते आपटणं ज्या ताकदीने काढलंय ते परत एकदा बघा. मारधाडीच्या मालिकेत शेवटच्या सामन्यासाठी जेवढी मेहनत राखून ठेवतात, तेवढी इथे या वेडेपणावर खर्च केलीय. पहिल्याच भागात युकोच्या डब्यातला ऑक्टोपसच्या आकाराचा सॉसेज हातातून निसटतो, तो झेलायची तिची धडपडही तशीच, जगबुडी आल्यासारखी.

हे काम क्योटो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओचं. केइइची आरावी यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००६ पासून येत होती. तिच्यावरची २६ भागांची मालिका एप्रिल ते सप्टेंबर २०११ या काळात आली, दिग्दर्शक तात्सुया इशिहारा. जपानमध्ये बरेचसे चित्रकार कामागणिक पैसे घेऊन राबतात. या स्टुडिओने आपली माणसं पगारावर ठेवली, घरातच शिकवून तयार केली. एकत्र काम करून मुरलेली ही मंडळी. म्हणून तर युकोची मैत्रीण मिओ पळते तेव्हा तिचे केस, बाही, दप्तर, सगळं आपापल्या चालीने हलतं.

विनोदाची जात मात्र जुनी आहे. जपानच्या कान्साई भागात, विशेषतः ओसाकात, ‘मानझाई’ नावाचा दोघांनी करायचा प्रकार चालतो: एक जण काहीतरी बावळट बोलतो आणि दुसरा त्याला लगेच फटकारतो. इथे बावळटपणा युकोचा, फटकारायचं काम मिओचं, आणि तिसरी मैत्रीण माई फारसं न बोलता दोघींची फिरकी घेते, वर लाकडात बुद्धमूर्तीही कोरते. गंमत वेळेच्या खेळात आहे. फटकारा कधी इतका उशिरा येतो की आपणच अस्वस्थ व्हायला लागतो. त्या थांबण्यावर मालिकेची खरी पकड आहे, आणि मोबाइलवरचे तुकडे करणारे नेमकं तेच कापून टाकतात.

मला विचाराल तर मालिकेचं काळीज शाळेत नाहीच, ते शिनोनोमेंच्या घरात आहे. तिथे आठ वर्षांची ‘हाकासे’, म्हणजे प्रोफेसर, राहते. तिने नानो नावाची यंत्रमुलगी बनवलीय. नानोच्या पाठीवर भली मोठी चावी आहे आणि तिला तिची भयंकर लाज वाटते. ती काढून टाक म्हणून ती विनवत असते, तर ही पोर तिच्या हातात गुपचूप रोल केक बसवून ठेवते! जोडीला साकामोतो नावाचं काळं मांजर. गळ्यातल्या लाल फडक्यामुळे त्याला बोलता येतं, आणि वयाने मीच मोठा, तेव्हा मला मानाने हाक मारा, असा त्याचा हट्ट. स्वयंपाक, धुणीभांडी, रुसवेफुगवे नानोच्याच गळ्यात. आई कोण आणि लेक कोण, हे सांगणं कठीण. पुढे नानो शाळेत जायला लागते, आणि शेवटी चावीचा विषय पुन्हा निघतो तेव्हा तिचं मन बदललेलं असतं. कसं, ते मी सांगणार नाही. विनोदी मालिकेने माझे डोळे असे क्वचितच ओले केलेत.

सगळंच जमलंय असंही नाही. मधले छोटे तुकडे, विशेषतः ‘हेल्वेटिका स्टँडर्ड’वाले, मला कंटाळवाणे वाटतात. युकोचे शाब्दिक कोट्यांचे विनोद सबटायटलमध्ये जीव सोडतात. आणि एका बैठकीत आठ-दहा भाग बघितलेत तर डोकं भणभणेल. रात्री जेवणानंतर एक, फार तर दोन, एवढंच बघा.

जपानमध्ये तेव्हा या मालिकेच्या डिस्क फारशा खपल्या नाहीत. रात्री उशिरा लागणाऱ्या मालिकांचा बराचसा खर्च डिस्कच्या विक्रीतून निघायचा, त्यामुळे हा फटका मोठा होता. मग २०१२ मध्ये एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या शैक्षणिक वाहिनीने तिची १२ भागांची आवृत्ती दाखवली. बाहेरच्या देशांत नाव झालं ते हळूहळू, बघणाऱ्यांनी एकमेकांना सांगत सांगत. जाहिरातीच्या जोरावर आलेलं हे कौतुक नव्हे, म्हणून माझा त्यावर विश्वास आहे.

युको, मिओ, नानो यांना पडद्यावरचं रूप देणारे फुतोशी निशिया १८ जुलै २०१९ रोजी स्टुडिओत लावलेल्या आगीत गेले. एकूण ३६ माणसं गेली. मालिका बघताना नावांची पाटी पुढे ढकलू नका, त्यांचं नाव वाचा. दुसऱ्या निम्म्यात तर शेवटी दर भागाला वेगळं समूहगान आहे, तेही ऐकाच.

जुलै २०२५ मध्ये याच स्टुडिओने आरावींच्या ‘सिटी’ या दुसऱ्या मांगावर मालिका आणली. ती आधी बघू का, असंही हल्ली विचारतात. आधी ‘निचिजो’ बघा, आणि पहिल्या दोन भागांवरून मत बनवू नका. निदान नानो शाळेत पोचेपर्यंत थांबा.