एमएससी सोडून नर्स प्रॅक्टिशनर: माझा अनुभव

नर्सिंगमध्ये पुढे शिकायचं म्हटलं की घरचे, शेजारचे, अगदी मेट्रनसुद्धा एकच सांगतात: एमएससी कर आणि कॉलेजला लाग. नाइट सुटतील, गणपतीत सुट्टी मिळेल. लग्न जुळवतानाही ‘मॅडम’ चटकन चालतात, ‘सिस्टर’ला जरा वेळ लागतो! सल्ला काही वाईट नव्हता, पण मला शिकवायचं नव्हतं. बीएस्सी झाल्यापासून मी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत होते आणि ते काम मला आवडत होतं. शिकायचं ते याच कामासाठी, त्यातून सुटण्यासाठी नव्हे.

एमएससी बाजूला ठेवल्यावर दोन वाटा उरल्या. एक, क्रिटिकल केअरचा वर्षभराचा पोस्ट बेसिक डिप्लोमा. दुसरी वाट आमच्या वॉर्डात कुणाला माहीतही नव्हती: नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, म्हणजे अत्यवस्थ पेशंटच्या उपचाराचे काही निर्णय ठरलेल्या मर्यादेत स्वतः घेणारी नर्स. इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०१६ च्या सुमारास आणलेला हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. बीएस्सी आणि किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, तोही शक्यतो क्रिटिकल केअरमधला. पद्धत रेसिडेन्सीची, म्हणजे वर्ग थोडा आणि वॉर्ड फार. मी हाच धरला.

पैशांचं आधी सांगते, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. नोकरीत असलेल्यांचा पगार चालू राहावा असं नियमावलीत आहे. पण आपलं रुग्णालय ते मानेल का, हे लेखी विचारून घ्या. माझ्या रुग्णालयाने नाही म्हटलं, म्हणून मी राजीनामा दिला आणि जिथे प्रवेश मिळाला तिथल्या मानधनावर दोन वर्षं काढली. गाडीचा हप्ता नवऱ्याने उचलला. सासूबाई महिनाभर गप्प होत्या, मग डबा भरून द्यायला लागल्या.

पहिल्या वर्षी पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं), फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) आणि रुग्णतपासणी, तिन्ही ‘अॅडव्हान्स्ड’. तिथे माझी खरी दमछाक झाली. स्टाफ नर्स म्हणून मी एबीजीचा, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्लता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला की आकडे फोनवर डॉक्टरांना वाचून दाखवायचे आणि ऑर्डर लिहून घ्यायचे. इथे राउंडला आमचे प्रिसेप्टर, म्हणजे वॉर्डात शिकवणारे, डॉक्टर आकडे ऐकूनच घेत नसत. “ते मला दिसतंय. तुला काय वाटतं ते सांग.”

सेप्सिसची, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी व्हायला लागलेली, एक पेशंट आठवते. पीएच ७.१२, बायकार्बोनेट १२, कार्बन डायऑक्साइड ३८. मी म्हटलं, मेटाबॉलिक अॅसिडोसिस आहे, म्हणजे बायकार्बोनेट घटून रक्त आम्लधर्मी झालंय, कार्बन डायऑक्साइड नॉर्मल. सरांनी पेन पुढे केलं. बायकार्बोनेटची दीडपट अधिक आठ, म्हणजे २६, दोन इकडे दोन तिकडे. शरीर नीट झुंजत असेल तर भराभर श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड तिथवर खाली आणतं. हिचा ३८ वर होता. म्हणजे ३५ ते ४५ च्या चौकटीत छान बसणारा तो आकडाच सांगत होता की बाई थकली, आता तिला एकटीला श्वास जमणार नाही. इन्ट्युबेशनची, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालण्याची, तयारी तिथल्या तिथे झाली. ‘नॉर्मल’ वाचून पुढच्या बेडकडे वळायची सवय माझी त्या दिवशी गेली.

लॉगबुक, केस प्रेझेंटेशन, प्रबंध हे सगळं झालं, त्याचं पाल्हाळ लावत नाही. रेसिडेंट डॉक्टरांचं मात्र सांगायला हवं. सुरुवातीला ‘या कोण?’ अशा नजरा असत. पहाटे तीनला व्हेंटिलेटरचा अलार्म का वाजतोय हे मी त्यांना शोधून द्यायला लागले, तेव्हा त्या निवळल्या. वॉर्डातल्या मावशींनी मात्र पहिल्या दिवसापासून ‘छोट्या डॉक्टरीण’ करून टाकलं होतं. ते मला अजिबात आवडायचं नाही.

आणि कोर्स संपल्यावर? माहितीपत्रकात हे नसतं: बहुतेक रुग्णालयांत या पदाची चौकटच नाही. इंग्लंडमध्ये प्रिस्क्रायबिंगचं शिक्षण घेतलेल्या नर्सला २००६ पासून जवळपास सगळी औषधं स्वतः लिहून देता येतात. आपल्याकडे नर्स प्रॅक्टिशनरने संस्थेच्या लेखी प्रोटोकॉलच्या, म्हणजे कुठल्या वेळी काय करायचं याच्या ठरलेल्या नियमांच्या, आत काम करायचं. आणि प्रोटोकॉलच नसेल तर? मग तुम्ही पुन्हा स्टाफ नर्स. मला नव्या नोकरीत एचआरने ‘सीनियर स्टाफ नर्स’ असंच पत्र दिलं.

म्हणून मी प्रोटोकॉल लिहायलाच बसले. पोटॅशियम कमी झाल्यास किती द्यायचं, कुठल्या वेगाने, पुन्हा रक्त कधी पाठवायचं. मग व्हेंटिलेटरवरून सोडवण्याआधीची श्वासाची चाचणी कुणाची घ्यायची आणि कधी थांबवायची. पहिल्यावर इन्टेन्सिव्हिस्टची, म्हणजे आयसीयूच्या तज्ज्ञ डॉक्टरांची, सही झाली, दुसरा त्यांनी लाल शाईने भरून परत पाठवला आणि दुरुस्तीनंतर तोही मंजूर केला. आता या दोन गोष्टींसाठी मी फोनवर ऑर्डरची वाट बघत नाही. पदनामाचा अर्ज एचआरकडे पडून आहे, आणि सध्या सेडेशनचा, म्हणजे पेशंटला गुंगीत ठेवण्याच्या औषधांचा, मसुदा चालू आहे.