यात उंदीर कुठायत?

अण्णांच्या मेडिकलमध्ये काउंटरला सुतळीने बांधलेली एक कात्री होती. दुकान मिरजेत, समोर दवाखान्यांची रांग. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करायचं आणि म्हणायचं, "चारच द्या, बरं वाटलं नाही तर येतो परत." अण्णा कपाळाला आठी घालून "कोर्स पूर्ण करा हो" म्हणायचे आणि कात्री चालवायचे. उरलेल्या सहा कॅप्सूलांच्या बाजूला एक्स्पायरीची तारीख राहील, अशा बेताने. शाळा सुटली की मी तिथंच स्टुलावर बसून गणितं सोडवायची.

आता मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात शिकवते आणि अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंची गणितं मांडते. अठरा वर्षं झाली. नातेवाइकांना वाटतं मी पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत असते. पेट्री डिश मी आयुष्यात एकदाच हातात घेतली, तीही पाडली.

आमचं मॉडेल म्हणजे शेवटी हिशोबाची वही. माणसांचे तीन कप्पे करायचे: घशात जंतू नसलेले, साधा जंतू असलेले आणि निगरगट्ट जंतू असलेले. रोज कोण कुठल्या कप्प्यातून कुठल्या कप्प्यात गेलं ते लिहायचं. औषध घेतलं की साधा मरतो, निगरगट्ट उरतो. पण निगरगट्टपणा फुकट मिळत नाही. औषध नसेल तेव्हा तो साध्यापेक्षा जरा मागे पडतो. एवढं धरून वही पुढे चालवली की एकच उत्तर निघतं: दोघांतला एक जिंकतो, दुसरा नामशेष. औषधाचा वापर एका मर्यादेच्या खाली असेल तर साधा, वर गेला तर निगरगट्ट. मधलं काही नाही.

आणि खऱ्या जगात नेमकं मधलंच आहे. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकस जंतूचे दोन्ही प्रकार वर्षानुवर्षं शेजारी नांदतात. युरोपात ज्या देशात अँटिबायोटिक जास्त खपतात तिथं निगरगट्टांचं प्रमाण साधारण जास्त, पण म्हणून साधे संपलेत असं कुठं नाही. हे दोघे एकत्र नांदतात कसे, यावर आमच्यातल्या कितीतरी जणांच्या पीएचड्या झाल्या. माझीही त्यातलीच.

दुसऱ्या वर्षी मला वाटलं, सुटलं. मी वहीत वयाचे गट घातले: लहान मुलं, जी भरपूर औषधं घेतात, आणि मोठी माणसं, जी कमी घेतात. वहीतून निघालेली रेघ खऱ्या आकड्यांवर अशी बसली की रात्री दोनला मी घरी फोन लावला. उन्हाळा होता, मिरजेत साडेसहा. आई घाबरली, कोण गेलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी गाइडने शांतपणे सांगितलं, गट काढून टाक, त्याऐवजी एकाच घशात दोन्ही जंतूंची भांडणं लाव. लावली. रेघ तितकीच छान बसली. मग तिसरीच कल्पना घातली, तीही बसली. गंमत अशी की तिन्ही वह्यांना "औषधाचा वापर निम्म्यावर आणला तर?" असं विचारलं, तर एक म्हणे प्रमाण धाडकन पडेल, दुसरी म्हणे हळूहळू, तिसरी म्हणे फारसं हलणार नाही. सरकारला सल्ला द्यायचा तर यातली कुठली वही द्यायची?

गाइडने तेव्हा मला १९२७ सालचा केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांचा निबंध वाचायला दिला. साथींच्या गणिताचा हा मूळपुरुष. त्यातला आलेख पाहिला आणि मी चाटच पडले: मुंबई बेटावरचे प्लेगचे मृत्यू, दर आठवड्याचे, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. मॅकेन्ड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर, कसौलीला काम केलेला. जंतू कसे वाढतात याचं गणित त्याने केशव पै यांच्याबरोबर १९११ मध्येच मांडलं होतं. केरमॅकची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली. पुढचं सगळं गणित त्याने डोक्यात केलं. त्यांचं सूत्र सतराव्या आठवड्यात ८९० मृत्यूंच्या शिखरावर पोचतं आणि उतरतं. मुंबईचे ठिपके त्या रेघेला चिकटून बसलेत.

दिवाळीत घरी गेले तेव्हा तो आलेख अण्णांना कौतुकाने दाखवला. अण्णांच्या आजीने प्लेग पाहिलेला. घरात उंदीर पडला की भांडीकुंडी उचलायची आणि माळावर झोपड्यांत राहायला जायचं, हे ती सांगायची. अण्णांनी चष्मा वर सरकवून कागद नीट पाहिला आणि विचारलं, "यात उंदीर कुठायत?"

नव्हते. सूत्रात माणसाकडून माणसाला रोग होतो, बस्स. उंदीर नाहीत, पिसवा नाहीत, ऋतूही नाही. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, हे त्या दोघांनी स्वतःच लिहून ठेवलंय, म्हणजे त्यांना माहीत होतं. तरी रेघ बसलीच.

माझे उंदीर कुठले, ते शोधायला पुढची वर्षं गेली. फिनलंडने एरिथ्रोमायसिनच्या गटातली औषधं देणं कमी केलं आणि घशाच्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये दाद न देणाऱ्यांचं प्रमाण १९९२ मध्ये १६.५ टक्के होतं ते १९९६ मध्ये ८.६ वर आलं. वही खूश. ब्रिटनमध्ये त्याच दशकात सल्फा औषधं लिहून देणं जवळजवळ थांबलं, आणि आतड्यातल्या ई. कोलाय जंतूमध्ये सल्फाला दाद न देणाऱ्यांचं प्रमाण १९९१ चे ३९.७ टक्के ते १९९९ मध्ये ४६! कारण सल्फाला दाद न देण्याचा जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतू एकमेकांना देतात त्या डीएनएच्या छोट्या तुकड्यावर, इतर औषधांच्या तशाच जनुकांना जोडलेला असतो. ती औषधं चालूच होती. इंजिन त्यांचं, हा डबा फुकटात ओढला जातो. माझ्या वहीत प्लाझ्मिड नव्हता.

गेल्या खेपेस अण्णांनी ती कात्री काढून दाखवली, अजून आहे. मग सरळ विचारलं, "तुझ्या हिशोबात कोर्स पूर्ण करायचा की नाही?" मी म्हटलं, टीबीत करायचाच, तिथं एकटं एक औषध पुरतही नाही. पण साध्या न्यूमोनियासारख्या बऱ्याच आजारांत कमी दिवसांचा डोस पुरतो असं चाचण्यांत दिसलंय, आणि जितके दिवस जास्त, तितकी आतड्यातल्या बाकीच्या जंतूंना निगरगट्ट व्हायची संधी जास्त. किती दिवस ते डॉक्टरने ठरवायचं, गिऱ्हाइकाने नव्हे.

"म्हणजे चाळीस वर्षं मी चुकीचं सांगत होतो?"

"नाही हो अण्णा, तसं नाही..."

दोन दिवस ते माझ्याशी मोजकंच बोलले. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "चार गोळ्यांत बरं वाटून परत न आलेली माणसं तुझ्या वहीत धरलीस का?" धरली नव्हती. चिठ्ठीवर लिहिलेल्या गोळ्या मी पोटात गेल्या असंच मानत होते.

माझ्या लॅपटॉपवर 'उंदीर' नावाचं एक फोल्डर आहे. वहीत अजून न घेतलेल्या गोष्टी त्यात टाकते. परतीच्या विमानात त्यात एक फाइल वाढवली, नाव 'कात्री'.