पावणेदोन मिलिमीटर

“आतलं ते सगळं काढून टाक आणि साधा हब बसव. मला घरात पुन्हा टाके नकोत.”

काकांनी सायकल दुकानाच्या पायरीला टेकवली आणि बसायच्या आधीच हे बोलून टाकलं. त्यांच्या मागे त्यांची नात उभी होती. हनुवटीवर पट्टी, आत चार टाके. डाव्या कोपराला खरचटलेलं. तिने मला नमस्कार केला आणि सायकलीकडे बघत राहिली. रागाने नाही, काहीतरी चुकलंय आणि ते सायकलीला विचारायचंय असं बघत होती.

ही सायकल मी आठच दिवसांपूर्वी तयार करून दिली होती. काळी रॅले, अठ्ठावीस इंची चाकं, दांड्यांचे ब्रेक, पुढे बगळ्याच्या डोक्याचा बिल्ला. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब, म्हणजे चाकाच्या मधला जाड गोळा, सगळे गिअर त्याच्या आत. त्याच्या कवचावर एडब्ल्यू, ५५ आणि ७ असे ठसे आहेत, म्हणजे जुलै १९५५ मध्ये बनलेला. काकांनी ती साठीच्या दशकात कॅम्पातल्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली, त्यावरून चाळीस वर्षं नोकरी केली. मग ती वाड्याच्या जिन्याखाली गेली. आता नातीला कॉलेजला जायला हवी म्हणून बाहेर काढली होती. मी पूर्ण ओव्हरहॉलिंग केलं, चाकांचा आउट, म्हणजे डगमग, काढला, कॉटर बदलले, गिअरची कुजलेली वायर टाकून नवीन घातली. दिली तेव्हा ती इतकी शांत पळत होती की मीच गल्लीच्या टोकापर्यंत उगाच दोनदा जाऊन आलो.

“झालं काय नेमकं?” मी नातीला विचारलं.

“तळजाईकडे चालले होते काका. चढ सुरू व्हायच्या आधी पहिला गिअर टाकला, पण काही फरकच पडला नाही, जडच. मग दुसऱ्यातच ठेवला आणि उभं राहून पायडल मारलं. एकदम पायाखालून सगळं निघून गेलं. चेन तुटली असं वाटलं. पण चेन जागेवर होती.”

तिचं वर्णन ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण हे मला पाठ आहे. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक मोकळी जागा असते. वायर थोडी सैल झाली की आतला क्लच, म्हणजे पायडलचा जोर पुढे देणारा सरकता तुकडा, त्या जागेत येऊन थांबतो आणि तो तिथे असेपर्यंत पायडलचा चाकाशी काही संबंधच राहत नाही. बसून चालवताना हे झालं तर नुसता पाय फिरतो. उभं राहून सगळं वजन टाकलेलं असताना झालं तर माणूस हँडलवर आपटतो.

आणि पहिला गिअर न लागणं हीसुद्धा सैल वायरचीच खूण. म्हणजे वायर मी सैल ठेवली होती.

पण ठेवली नव्हती. मागच्या उजव्या नटाला एक भोक असतं, आम्ही त्याला खिडकी म्हणतो. आसाच्या पोकळीतून एक बारीक दांडा आत जातो. बाहेरून वायर त्याच्या टोकाची साखळी ओढते आणि दांडा आतला क्लच सरकवतो. गिअर दुसऱ्यावर ठेवायचा आणि त्या खिडकीतून पाहायचं. बारीक साखळी जिथे संपते आणि दांडा सुरू होतो ती कड आसाच्या टोकाशी बरोबर समपातळीत दिसली पाहिजे. हा नियम मामांनी मला दुकानातल्या पहिल्या महिन्यात शिकवला. मी सायकल उलटी केली, गिअरचा खटका दुसऱ्यावर टाकला आणि बॅटरी धरून पाहिलं. कड अगदी समपातळीत होती. केसभरही इकडेतिकडे नाही.

मग उभ्या चाकाला हाताने जोर देऊन पाहिलं. दोनदा धरलं. तिसऱ्यांदा खट्ट करून सुटलं.

नियमाप्रमाणे सगळं बरोबर, आणि हब सुटतोय. तीस वर्षांच्या कामात असं मी पाहिलं नव्हतं. काकांना म्हणालो, “संध्याकाळपर्यंत वेळ द्या. काढायचाच असेल तर मीच काढून देईन, पैसे घेणार नाही. पण आधी कळू दे.”

काका खुर्चीवर बसले. नात म्हणाली, “मी पण थांबते.” मला बरं वाटलं.

हा हब मी सहजासहजी टाकून देत नाही, याला कारण आहे. स्टर्मी-आर्चरची मंडळी १९०२ मध्ये नॉटिंगहॅमला या कामाला लागली. नाव स्टर्मी आणि आर्चर यांचं लागलं, पण रचनेत मोठा हात होता विल्यम रायली नावाच्या माणसाचा, त्याचं नाव मात्र कवचावर कधी आलं नाही. हा एडब्ल्यू १९३६ चा. मधे एक वीस दात्यांचं चाक आसाला पक्कं, त्याभोवती वीस-वीस दात्यांची चार छोटी चाकं, आणि त्या सगळ्यांना वेढणारं साठ दात्यांचं कडं. बस. क्लच कड्याला धरतो की छोट्या चाकांच्या पिंजऱ्याला, आणि पुढे कवच कुठले कुत्रे (एकाच दिशेने अडकणारे स्प्रिंगचे खटके) ओढतात, यावर गिअर ठरतो. पहिल्यात मागच्या दात्रीच्या, म्हणजे चेन बसते त्या चक्राच्या, चार फेऱ्यांना चाकाच्या तीन, दुसऱ्यात एकास एक, तिसऱ्यात तीन फेऱ्यांना चार. बाहेर ना धूळ खाणारं काही, ना वाकणारं काही. महिन्या-दोन महिन्यांनी कवचावरच्या झाकणीतून चमचाभर पातळ तेल घातलं की माणसाच्या आयुष्याला पुरून उरतो. असा हब भंगारात टाकायला माझा हात धजत नाही.

चाक काढलं. कवचात आटे घालून बसवलेली उजवी वाटी सोडवायच्या आधी तिच्या खाचेसमोरच्या स्पोकला पांढरा दोरा बांधला. या वाटीला दुहेरी आटे असतात. परत लावताना ती दुसऱ्या आट्यावर चढली तर चाकाचा मध्य हलतो आणि मग दिवसभर आउट काढत बसावं लागतं. हातोडी आणि बोथट छिन्नीने तीन ठोके दिले, वाटी हलली आणि सगळं यंत्र आसासकट बाहेर आलं. रॉकेलच्या थाळीत ठेवलं.

नात वाकून बघत होती. “एवढंच असतं आत?”

“एवढंच.”

कुत्रे चारही मोकळे होते, त्यांच्या केसासारख्या स्प्रिंगा शाबूत. छोट्या चाकांचे दाते सुंदर. क्लच हातात घेतला आणि नखाने चाचपला. तो चौफुलीसारखा असतो, चार हात. दोन हातांच्या एका बाजूच्या कडा गोल झाल्या होत्या, आणि तिथला पोलाद ताजा, चकचकीत होता. जुनी झीज काळपट असते. ही आठ दिवसांतली होती. म्हणजे क्लच कड्याला पूर्ण धरतच नव्हता, नुसता कडेवर टेकून चालला होता.

खिडकी सांगतेय क्लच जागेवर आहे. क्लच सांगतोय मी जागेवर नव्हतो. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं.

तेवढ्यात काका म्हणाले, “अरे, ते वायरचं आवळायचं तू पूर्वीसारखंच ठेवलंस ना?”

“म्हणजे कसं?”

“मी नेहमी तुमच्या खुणेपेक्षा थोडं जास्त आवळून ठेवायचो. खिडकीतून तो दांडा जरा बाहेर डोकावला पाहिजे. तसं नसलं की सुटायचं. कितीतरी वर्षं तसंच चालवलं मी. मला वाटलं तुला माहीत असेल, तूच तर तो दुरुस्त केला होतास.”

मी हातातलं काम खाली ठेवलं.

साखळीचा दांडा वेगळा काढून कपड्यावर ठेवला होता. तो उचलला, पुसला आणि उजेडात धरला. मधोमध पितळाची पिवळी रेघ होती. शेजारी तीनकोनी कानसीने मारलेली एक बारीक खाच.

ती खाच माझी होती. मामांचा नियम होता, कुठलाही भाग जोडला तर जोडाशेजारी एक खाच मारायची, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला कळेल की हा मूळचा नाही. १९९३ साल. मी अठरा वर्षांचा. या सायकलीवर दुसरी सायकल पडली, साखळी ओढली गेली आणि दांडा आत तुटला. बाजारात नवा मिळेना. मी तुटलेली टोकं घासली, मधे पितळ वितळवून झाळलं आणि आसाच्या पोकळीतून सरकेल इतकं गोल कानसलं. मामांनी तो बोटांत फिरवून पाहिला आणि “जमलं” एवढंच म्हणाले. त्या एका शब्दावर मी कितीतरी दिवस काढले होते.

पण मी लांबी मोजली नव्हती.

माझ्याकडे मेलेल्या हबांचे सुटे भाग डालड्याच्या डब्यात ठेवलेले असतात. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात जाऊन वर्षानुवर्षं जमवलेले. त्यातून याच लांबीच्या आसाचा अस्सल दांडा शोधला, कारण आस दोन लांबींचे येतात आणि दांडेही वेगवेगळे. दोन्ही काचेवर शेजारी शेजारी ठेवले, टोकं जुळवली आणि बारीक मोजायचं व्हर्निअर लावलं. माझा दांडा पावणेदोन मिलिमीटर जास्त होता.

आता सगळं जुळलं. दांडा जेवढा लांब, तेवढी खिडकीतली कड फसवी. कड समपातळीत आणायची म्हणजे वायर पावणेदोन मिलिमीटर सैल सोडायची, आणि तेवढ्यात क्लच कड्याच्या काठावर, त्या मोकळ्या जागेच्या तोंडाशी येऊन बसायचा. पहिल्या गिअरला पुरेशी ओढ मिळायची नाही, म्हणून तोही लागायचा नाही. काकांनी ते हाताने ओळखून स्वतःपुरता हिशेब लावला होता. मी आठ दिवसांपूर्वी नवीन वायर घातली आणि त्यांचा तो हिशेब पुसून नियमाप्रमाणे केलं. गल्लीत चालवून पाहिली ती दुसऱ्यात आणि तिसऱ्यात, सीटवर बसून. पहिला टाकून पाहिलाच नाही. उभा राहिलोच नाही.

दुकानात त्या वेळी आम्ही तिघंच होतो. दांडा बदलून “वायर सैल झाली होती” असं म्हणालो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. मी दांडा नातीच्या हातात दिला आणि ती पिवळी रेघ दाखवली. म्हटलं, “हा जोड माझा आहे. चुकलेला आहे. आणि मागच्या आठवड्यात दांडा बाहेर काढून पाहायला हवा होता, तोही मी पाहिला नाही. तुला लागलं ते माझ्यामुळे.”

तिने खाचेवरून नख फिरवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “नवीन घातला की सुटणार नाही?”

“सुटणार नाही. पण वायर पुढेमागे सैल होईलच, सगळ्यांची होते. ती बघायची कशी ते तू शिकून जा.”

काका खुर्चीवरून उठले नाहीत. एवढंच म्हणाले, “मीही तुला सांगायला हवं होतं बाळा. इतकी वर्षं आवळत बसलो.” साध्या हबचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

डब्यातला चांगला क्लच घातला. छर्रे धरून ठेवणारा उजवा कोन (नट) बोटांनी घट्ट करून अर्धा फेरा मागे घेतला, छर्ऱ्यांचा खेळ डाव्या कोनावर काढला, रिमपाशी किंचित हलेल इतका ठेवला. वाटी दोऱ्याच्या खुणेवर आली. अस्सल दांडा पूर्ण आत आवळला आणि साखळी वायरच्या दिशेला यावी म्हणून जेमतेम पाव फेरा सोडला. मग सायकल नातीच्या पुढ्यात उलटी केली आणि बाजूला झालो. तिने खटका दुसऱ्यावर टाकला, खिडकीतून पाहिलं, वायरची फिरकी आवळली, पुन्हा पाहिलं, ती हलू नये म्हणून चेकनट बसवला. मी हात लावला नाही.

नंतर मी ती पर्वतीच्या बाजूच्या चढावर नेली. उभं राहून, सगळं वजन टाकून, तिन्ही गिअरमध्ये. दहा वेळा तरी. एकदाही सुटली नाही. काकांच्या घरी स्वतः पोचवून आलो.

रात्री मामांच्या वह्या काढल्या. मामा प्रत्येक कामाची नोंद ठेवायचे, नाव, पेठ, काम, पैसे. १९९३ ते १९९६ या काळात “दांडा झाळला” अशा पाच नोंदी सापडल्या, पाचही माझ्या हातच्या. एक काकांची. दुसरी सायकल शुक्रवार पेठेत माळ्यावर टांगलेली मिळाली. तिथे दांडा जवळपास सव्वा मिलिमीटर जास्त होता, तो बदलून आलो. तिसरी विकली गेली, कुणाला ते घरच्यांना आठवत नाही. चौथीचे मालक साताऱ्याला राहायला गेलेत. त्यांच्याशी फोनवर बोललो, ते म्हणाले मुलगा अजून चालवतो. त्यांना सांगितलंय की रविवारपर्यंत तिच्यावर बसू देऊ नका. दोन्ही लांबीचे दांडे कागदात गुंडाळून ठेवलेत, पहाटेच्या एसटीने निघतोय.

पाचव्या नोंदीपुढे फक्त “हंबर, नारायण पेठ” एवढंच लिहिलंय. पुढचा फोर्क दुहेरी नळ्यांचा असलेली, तीन गिअरची जुनी हंबर कुणाच्या घरी असेल तर मागच्या चाकाच्या उजव्या बाजूची बारीक साखळी वायरपासून सोडवा आणि डावीकडे फिरवत दांडा बाहेर काढा. मधे पितळाची रेघ आणि शेजारी खाच दिसली तर सायकल चालवू नका. दुकानात घेऊन या, मी शटर बंद असलं तरी वरच राहतो.