तळाला नाही, काठाला

दुपारी भांडी पुसून मांडत होतो. लेकाने मोडक्या स्पीकरमधून काढलेला चुंबक ओट्यावर पडला होता, तो सहज पेल्याच्या बुडाला लावून बघितला. पडला. काठाला लावला तर बसला चिकटून! मग काय, मांडणीवरचं सगळं स्टील तपासून काढलं. चहा राहिला.

ही खोड मावशीची. बेळगावच्या गणपत गल्लीत भांडी घ्यायला निघाली की बटव्यात लोहचुंबक असायचाच. चिकटला की, "लोखंड हाय हे, दुसरं काढा." दुकानदार विनवायचा, "अक्का, १८-८ हाय की ओ, अस्सल स्टील!" मावशी ऐकेल तर शपथ.

मामा उद्यमबागेतल्या भांड्यांच्या कारखान्यात प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या यंत्रावर होते. डबा द्यायला गेलो की आत उभं राहू द्यायचे. पत्र्याचं गोल सर्कल तेल फासून डायवर, म्हणजे पोकळ साच्यावर ठेवायचं. वरून रिंग येऊन कड दाबून धरायची, मग पंच, म्हणजे वरचा दट्ट्या, सावकाश उतरायचा आणि पत्रा चहूबाजूंनी सरकत डायमध्ये ओढला जायचा. बाहेर निघायचं ते पातेलं! मी जोड शोधत बसायचो. जोड नसायचाच.

"रिंग ढिली पडली तर सुरकुत्या, लई आवळली तर बुडाशी फाटतंय," मामा म्हणायचे. "मधलं कुठलं ते हाताला कळतंय."

उंच पेला तर एका दमात निघतच नाही. सर्कलचा व्यास पंचाच्या दुपटीपुढे फारसा गेला की पत्रा फाटतो. म्हणून आधी बुटकं भांडं काढायचं, मग ते आणखी अरुंद डायमधून ओढायचं. एवढं करून काठ सरळ येत नाही तो नाहीच, जागोजागी कान वर आलेले असतात. मला ते कान फार आवडायचे. कापून टाकायचे मेले.

तर चुंबकाचं. १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेलचं स्टील चुंबकाला दाद देत नाही, पण ते नुसता पत्रा असेपर्यंत. थंडच ओढलं की त्याची आतली रचना थोडीफार बदलते आणि चुंबक धरायला लागतो. बूड जवळजवळ होतं तसंच राहतं. बाहेरची कड मात्र आक्रसत आक्रसत काठ होते, सगळ्यात जास्त हाल तिचे. म्हणजे दुकानदार खरं बोलत असणार. उलट, निकेल वाचवून मँगनीज घातलेल्या स्वस्त पत्र्यालाही चुंबक धरत नाही, तो मावशीच्या परीक्षेत खुशाल पास होऊ शकतो. आणि तसलंच एखादं भांडं पुढे कधीतरी, कुणी हात न लावता, मांडणीवर काठापासून उभं तडकतं.

मामांना हे ठाऊक असणारच. पण थोरल्या बहिणीपुढे बोलायची त्यांची टाप नव्हती, आणि माझी तर नाहीच नाही. आता निपाणीच्या लग्नाचा आहेर घ्यायचाय. मावशी येणारच. सोयरे संकेश्वरचे, तेव्हा पातेल्यावर नाव मराठीत घालायचं की कन्नडात, यावरच घरात अजून एकमत नाही.