रिपोर्ट$१

मंगळवार, रात्री साडेअकरा

आमच्या जावा प्रोग्राममधली, तीन दिवस जिवाला घोर लावणारी मेमरीची गळती (काम संपूनही मेमरी मोकळी न होणं) आज दुपारी सापडली. हीप डम्प, म्हणजे त्या क्षणी मेमरीत काय काय आहे त्याची नोंद, एक्लिप्स मॅट या टूलमध्ये उघडला, तर रिपोर्टचे तीनशेच्या वर जुने ऑब्जेक्ट तसेच पडून होते. प्रत्येकाच्या पोटात हजारो ओळींची यादी. काम कधीच संपलेलं, मग कुणी धरून न ठेवलेले ऑब्जेक्ट साफ करणारा गार्बेज कलेक्टर त्यांना उचलत का नाही? माग काढत गेले, तर शेवटी एकच नाव पुढे आलं: रिपोर्ट$१.

हा मीच एका मेथडच्या मधोमध लिहिलेला अनॉनिमस, म्हणजे बिननावाचा, क्लास. आपण नाव दिलं नाही की कम्पाइलर बाहेरच्या क्लासचं नाव, डॉलर आणि आकडा जोडून देतो. तो होता लिसनर, म्हणजे काही घडलं की ज्याला कळवलं जातं असा ऑब्जेक्ट. हा लिसनर आमच्या इव्हेंटच्या यादीत नोंदवलेला होता, आणि ती यादी सर्व्हर चालू असेपर्यंत जिवंत असते.

शेजारी बसणारी नवी मुलगी डम्पकडे बघत म्हणाली, "पण मॅम, लिसनरमध्ये तुम्ही रिपोर्टचं काहीच वापरलेलं नाहीये. नुसता लॉग लिहिलाय."

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. मी तिला डम्पमधलं 'धिस$०' हे फील्ड उघडून दाखवलं. आपण ते लिहीत नाही, कम्पाइलर घालतो. इनर, म्हणजे दुसऱ्या क्लासच्या आत लिहिलेल्या, क्लासचा ऑब्जेक्ट तयार होतानाच बाहेरच्या ऑब्जेक्टचा रेफरन्स, म्हणजे त्याला धरून ठेवणारा दुवा, त्याच्या हातात दिला जातो, वापरा किंवा वापरू नका. जेडीके (जावाचा टूलसंच) १८ पासून कम्पाइलर न वापरलेला रेफरन्स बहुतेक वेळा गाळतो, पण आम्ही अजून ११ वर आहोत. स्टॅटिक नेस्टेड, म्हणजे आत लिहिलेल्या पण बाहेरच्या ऑब्जेक्टशी न बांधलेल्या, क्लासला मात्र हे ओझं नसतं.

मग तिने त्या क्लासऐवजी लॅम्डा, म्हणजे छोटं बिननावाचं फंक्शन, लिहून पाहिला. लॅम्डात 'धिस' म्हणजे बाहेरचाच ऑब्जेक्ट, अनॉनिमस क्लासमध्ये तो स्वतः. बाहेरचं काही वापरलं नाही तर लॅम्डा काहीच धरत नाही, म्हणून रिपोर्ट सुटले. पण लॉगमध्ये रिपोर्टचं शीर्षक हवं म्हणून मी ते फील्ड आत वाचलं, आणि पकड परत आली! शीर्षक आधी लोकल व्हेरिएबलमध्ये घेतलं, तेव्हा कुठे जमलं.

तिथून गाडी फायनलवर, म्हणजे व्हेरिएबलची किंमत बदलू न देणाऱ्या शब्दावर, गेली. मेथड संपली की लोकल व्हेरिएबल जातं, लिसनरचा ऑब्जेक्ट मात्र मागे राहतो. म्हणून तो त्या किमतीची स्वतःची प्रत ठेवतो. मूळ किंमत नंतर बदलता आली असती तर दोघांत मेळच राहिला नसता. जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, फायनल हा शब्द लिहावा लागत नाही. किंमत बदलायची नाही हा नियम तसाच आहे. हे तिला समजावताना माझंही नीट पक्कं झालं, याचा फार आनंद वाटतोय.

खरा इलाज लिसनर काढून टाकण्याचा. त्यासाठी तोच रेफरन्स जपून ठेवावा लागतो. काढताना नवा बनवून दिला तर यादीला तो ओळखू येत नाही. अजून चार स्क्रीनमध्ये हेच लिहिलेलं आहे. उद्या चहाच्या आधी तेवढं उरकायचं.